ऑपरेशन तीन आठवड्यांवर, झोप मात्र आत्ताच उडालेली

सुमनताई (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) माझ्याकडे आल्या तेव्हा गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे उरले होते. वय ६२. सोबत मुलगी. खुर्चीत टेकता टेकताच मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळे रिपोर्ट चांगले आलेत, डॉक्टरही चांगले आहेत. आम्ही किती वेळा सांगितलं, घाबरू नकोस. पण आईची पाच दिवस झोपच उडालीय."

सुमनताई चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. मी विचारलं, कशाची भीती वाटते? त्या हळूच म्हणाल्या, "भूल दिली आणि परत शुद्धच आली नाही तर?"

ऑपरेशन ठरलेल्या बहुतेकांच्या मनात हा प्रश्न असतो. घरचे त्यावर 'काही होत नाही गं' म्हणतात. म्हणतात ते मायेनंच, पण त्यानंतर माणूस बोलायचाच थांबतो. आपण पुन्हा तेच काढलं तर सगळ्यांना त्रास, असं त्याला वाटायला लागतं. मी मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

सुमनताईंना एक वही दिली. पानाच्या डाव्या बाजूला भीती लिहायची, उजवीकडे त्याचं उत्तर ज्याच्याकडे आहे तो माणूस. शुद्ध आली नाही तर? भूलतज्ज्ञ. दुखणं सहन झालं नाही तर? सर्जन. रात्री लघवीला कशी जाणार? मुलगी. पाचव्या ओळीवर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि लगेच गिरगटून टाकलं. मी नुसती थांबले. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "झोपेची गोळी."

यजमानांच्या आजारपणात डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी त्या आठ वर्षं रोज घेत होत्या. मुलांना माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या कागदांवर 'चालू औषधं' लिहिताना त्यांनी ती गाळली होती. वर, रक्तात काही सापडू नये म्हणून पाच दिवसांपूर्वी स्वतःच बंद केली होती. पाच दिवस! झोप नेमकी तेव्हापासूनच गेली होती. वही धरलेला हातही थरथरत होता, आणि मी इतका वेळ ती थरथर भीतीची समजत होते.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी घ्या की घेऊ नका हे मी सांगितलं नाही. पण एवढं सांगितलं, की बरीच वर्षं घेतलेली अशी गोळी एकदम सोडली तर झोप जाते, घाबरं होतं, हात कापतात, कधी झटकेही येऊ शकतात. तेव्हा आजच भूलतज्ज्ञांशी बोला. भुलीचं औषध आणि त्याचं प्रमाण ठरवताना त्यांना या गोळीची माहिती लागतेच. हेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना, साखरेच्या औषधांना, जडीबुटीच्या कॅप्सूलना, तंबाखूला आणि दारूलाही लागू आहे. त्यांच्यापुढे लाज बाळगू नका. ते तुमची परीक्षा घेत नसतात.

फोन माझ्यासमोरच केला. भूलतज्ज्ञांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. गोळीचं नाव आणि डोस लिहून घेतला, ती पुन्हा चालू केली आणि ऑपरेशन होईपर्यंत त्यात आपल्या मनानं काही बदल करायचा नाही, असं बजावलं. मग कळलं, की त्यांच्या बाबतीत कमरेत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर करायचं ठरलं होतं. ज्या 'शुद्ध न येण्या'ला त्या इतक्या घाबरत होत्या, त्या प्रकारची पूर्ण भूल त्यांना द्यायचीच नव्हती. आधी कुणीही हे नीट बसून सांगितलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

शरीराची तयारी फिजिओथेरपिस्टनी करून घेतली. मांडीचे स्नायू घट्ट आवळायचे, सोडायचे, आणि रोज दीर्घ श्वास. उपाशी राहण्याचा नियमही कागदावर लिहून मिळाला. साधारणपणे जेवण सहा तास आधी थांबवतात आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण आपल्या रुग्णालयानं दिलेली वेळच पाळायची. गुडघ्याजवळचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका, हेही सांगितलं होतं. बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

घराचं काम मी मुलीवर सोपवलं. वॉकर आधीच आणा आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत चालवून बघा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. बाथरूमचं दार वॉकरपेक्षा दोन बोटं अरुंद होतं! हे ऑपरेशननंतर घरी आल्यावर रात्री दोन वाजता कळलं असतं तर? तिनं वॉकर बदलून कमी रुंदीचा आणला, सैल पायपुसणी उचलली, वाटेत रात्रीचा दिवा लावला, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर मांडल्या. खुर्ची हातांची आणि जरा उंच बघितली. 'घाबरू नकोस' म्हणणं तिनं आपोआपच सोडलं होतं, कारण आता सांगायला दुसरं बरंच काही होतं.

एक गोष्ट मी सगळ्यांनाच आधी सांगून ठेवते. ऑपरेशनच्या दिवशी तुमचं नाव आणि कोणता पाय हे वेगवेगळी माणसं पुन्हा पुन्हा विचारतील. 'यांना माहीतच नाही की काय' असं वाटून पेशंट दचकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची यादी आणली, तिच्यात ही पडताळणी आहे. भूल देण्याआधी आणि पुन्हा छेद घेण्याआधी. सुमनताईंनी चार वेळा नाव सांगितलं आणि चारही वेळा 'उजवा' म्हणाल्या.

सहा आठवड्यांनी त्या काठी टेकत आल्या. काठी भिंतीला लावली, तीच वही काढली आणि कोरं पान उघडलं. डावीकडे लिहिलं होतं, 'झोपेची गोळी हळूहळू कमी करायची आहे.' उजवी बाजू रिकामी होती. "इथे कुणाचं नाव लिहू?" त्यांनी विचारलं. मुलगी शेजारीच बसली होती.