वाचकांचे प्रश्न : सशाच्या ट्रेमध्ये काय घालावे?

सशाच्या लघवी-लेंड्यांसाठी ठेवायच्या ट्रेबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. पहिले उत्तर सगळ्यांनीच वाचावे. त्यातल्या गोष्टी पुढे पुन्हा सांगितलेल्या नाहीत.

आमचा ससा सात महिन्यांचा आहे. दुकानदाराने मांजराचीच वाळू दिली आणि सगळ्या प्राण्यांना चालते म्हणाला. वास अजिबात येत नाही, पण ससा ती वाळू चघळतो. चालेल का?
*– एक वाचक, इंदिरानगर*

नाही. आजच काढून टाका.

मांजर ट्रेमध्ये येते, काम उरकते आणि निघून जाते. ससा तिथेच बसून गवत खातो, खाता खाता लेंड्या टाकतो आणि समोर येईल ते दाताखाली घालून बघतो. त्यामुळे ट्रेमधला माल निवडताना ‘पोटात गेला तर काय होईल?’ हे आधी बघायचे, वासाचे नंतर. मांजराच्या ज्या वाळूचे ओले झाल्यावर गोळे होतात, ती बहुतेक बेंटोनाइट मातीची असते. ती ओल शोषून फुगते आणि घट्ट बसते. सशाच्या आतड्यातही तिचे हेच होते, आणि सशाला उलटी करता येत नाही. शिवाय ससा सतत नाकाने हुंगत असतो, त्यामुळे तिची बारीक धूळ थेट श्वासात जाते. सिलिकाचे पांढरे खडे, सुगंधी वाळू आणि मक्याच्या कणसाचा भरडाही नको. कणसाचे तुकडे पोटात अडकतात आणि ओलीत त्यांना बुरशी लवकर धरते.

त्याऐवजी कागदाच्या लगद्याच्या गोळ्या किंवा मांजरांसाठी मिळणारे लाकडाचे पेलेट (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) घ्या. पाकिटावर सुगंध किंवा रंग घातल्याचा उल्लेख नसावा. बॉयलरमध्ये जाळायला मिळणारे स्वस्त पेलेट मात्र घेऊ नका. त्यात शेतातला कोणता कचरा दाबलाय ते कळायला मार्ग नसतो. पैसे वाचवायचे असतील तर रोजच्या वर्तमानपत्राची रद्दी उत्तम. गुळगुळीत रंगीत पुरवण्या, जाहिरातींची पत्रके आणि दुकानातल्या बिलांचा चकचकीत कागद त्यातून वेगळा काढायचा. कागदाचे एखाद-दुसरे तुकडे ससा कुरतडणारच. पण तो कागदच खात सुटला, तर गवत कमी पडतेय का ते बघा.

तुमच्या सशाने वाळू चघळली आहे, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस लेंड्यांवर लक्ष ठेवा. त्या बारीक, कमी किंवा माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर डॉक्टरांना फोन करा. दहा-बारा तास खाणे आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर सकाळची वाट पाहू नका.

वखारीतून लाकडाचा भुसा फुकट मिळतो. तो वापरला तर काय बिघडते?
*– एक वाचक, सातपूर*

पहिली अडचण धुळीची: करवतीचा भुसा पिठासारखा बारीक असतो. दुसरी अडचण म्हणजे तो एका लाकडाचा नसतो. त्यात साग, बाभूळ, निलगिरी सगळे येते आणि प्लायवूड कापले असेल तर त्यातला डिंकही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे आणखी एक माल सहज हाती लागतो, यंत्रांच्या पॅकिंगचे पाइनचे खोके आणि पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी). कच्च्या पाइनला आणि देवदारासारख्या सुवासिक लाकडांना जो वास येतो, तो त्यातल्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. ही द्रव्ये सतत श्वासात गेली तर सशाच्या यकृतातल्या विकरांचे (एन्झाइमांचे) प्रमाण वाढते. मग औषधे आणि भूल शरीरात नेहमीच्या हिशेबाने चालत नाहीत. नसबंदीच्या वेळी हे महागात पडू शकते. पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत किमान 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवलेले असते. त्याने कीड मरते, सुवासिक द्रव्ये जात नाहीत. ‘एमबी’ शिक्का म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले लाकूड. ते तर घरातही आणू नका.

मग पाइनचेच पेलेट कसे चालतात? ते बनवताना लाकूड चांगले वाळवून उष्णतेने आणि दाबाने घट्ट दाबतात, त्यात ही द्रव्ये बरीचशी निघून जातात. ओले झाल्यावर पेलेटचाही भुगा होतो. तो भुगा रोज काढायचा.

आमचे द्राक्षांचे पॅकहाउस आहे. उरलेले कागद, पुठ्ठे आणि बागेच्या बांधावरचे गवत सशाला वापरू का?
*– एक वाचक, पिंपळगाव बसवंत*

कोरा, न छापलेला पुठ्ठा वापरा. चिकटपट्टी आणि पिना काढून. पण पेटीत द्राक्षांवर जो ग्रेप गार्ड पॅड ठेवतात, तो आणि त्याला लागलेला कागद अजिबात नको. त्या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असते. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षे टिकतात ती त्यामुळेच. सशाच्या ट्रेमध्ये ओल कायमचीच, आणि त्याचे नाक तिथून दोन बोटांवर.

बांधावरचे गवतही सोडा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डाउनी आणि भुरी या रोगांसाठी द्राक्षांवर औषधाच्या किती फवारण्या होतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. वारा ते सगळे बांधावर आणून टाकतो.

ट्रेमध्ये लाल लघवी दिसली. रक्त आहे का? ट्रेच्या तळाला पांढरा थरही बसतो.
*– एक वाचक, सिडको*

सशाची लघवी पिवळी, केशरी, विटकरी लाल अशी कोणतीही असू शकते. खाण्यातल्या रंगद्रव्यांनी असे होते आणि एक-दोन दिवसांत जाते. रंग सगळीकडे सारखा असेल आणि ससा नीट खात असेल तर घाबरू नका. लघवीत लाल ठिपके किंवा धागे दिसले, किंवा ससा कुबड काढून कुंथत असला, तर डॉक्टरांकडून लघवीची पट्टी बुडवून तपासणी करून घ्या. नसबंदी न झालेली, तीन वर्षांपुढची मादी असेल तर तपासणी टाळूच नका, कारण अशा माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. ट्रेमध्ये पांढरा कागद असला की हा फरक लगेच दिसतो, म्हणून आम्हाला रद्दी आवडते.

पांढरा थर कॅल्शियमचा. ससा खाण्यातले जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतो. थर फार जाड बसत असेल तर लसूणघास कमी करा. ट्रेमध्ये पांढरे व्हिनेगर ओतून वीस मिनिटे ठेवा, घासा, धुवा आणि उन्हात वाळवा. फिनाईल नको.

पावसाळ्यात ट्रेला फार उग्र वास येतो. किती वेळा बदलायचे?
*– एक वाचक, गंगापूर रोड*

तो वास अमोनियाचा. तुमच्या नाकाला जाणवेपर्यंत सशाच्या नाकाला त्याचा त्रास सुरू झालेला असतो, आणि सर्दी-शिंकांचे दुखणे बहुधा त्यातूनच वाढते. वर सुगंधी फवारा मारून काही साधत नाही.

ट्रे असा भरा. 18 बाय 14 इंचांचा, पुढची कड चार इंचांहून उंच नसलेला ट्रे घ्या. मोठ्या सशाला याहून मोठा. तळाला वर्तमानपत्राच्या सहा-सात घड्या घाला. त्यावर अर्धा इंच पेलेट, साधारण सव्वा ते दीड किलो. त्यावर मूठ-दोन मूठ कोरडे गवत. खाण्याच्या गवताची जाळी ट्रेच्या एका टोकाला अशी लावा की ट्रेमध्ये बसूनच तोंड पोचेल. ट्रेची सवय लागायला याहून चांगली युक्ती नाही. ससे एकाच कोपऱ्यात लघवी करतात. तिथला ओला भाग रोज सकाळी उचलायचा. उन्हाळा-हिवाळ्यात पूर्ण ट्रे दर तीन दिवसांनी बदलला तरी चालतो, जून ते सप्टेंबर मात्र दिवसाआड.

भाताचा पेंढा इगतपुरी-घोटीकडून स्वस्त मिळतो. तो वर अंथरायला ठीक, पण ओल फारशी शोषत नाही. तूस टोचते आणि धूळही उडवते, ते नकोच. गवत किंवा पेंढ्याला कुबट वास आला तर फेकून द्या. उन्हात घातले की वास कमी होतो, बुरशीचे विष तसेच राहते.

वापरलेला माल कुठे टाकायचा?
*– एक वाचक, नाशिक रोड*

लेंड्या वेगळ्या करून थेट गुलाबाच्या कुंडीत टाका. शेण आधी कुजवावे लागते, लेंड्या कुजवाव्या लागत नाहीत. दहा इंची कुंडीला महिन्यातून एक मूठ पुरे. ओला कागद आणि पेलेटचा भुगा कंपोस्टच्या डब्यात घाला, वर तितकाच सुका पाला. डबा नसेल तर घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्या, प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता.