डिजिटल साक्षरता की डिजिटल कौशल्य?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : नववीच्या मुलांच्या अहवालात 'डिजिटल साक्षरता' लिहावं की 'डिजिटल कौशल्य'? अर्थ एकच ना?

अर्थ एक नाही, आणि अहवालात तर हा फरक पाळायलाच हवा. समजून वाचता-लिहिता आलं की माणूस साक्षर. तिथे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच. कौशल्य मात्र नेहमी कशाचं तरी असतं. 'कुशल'ची पारंपरिक व्युत्पत्तीही 'कुश आणणारा' अशीच सांगतात : दर्भाची धारदार पात हात न कापता खुडणारा. म्हणून 'मुलाकडे डिजिटल कौशल्य आहे' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कोणत्या कामाचं, ते सांगायला हवं.

'असर' या 'प्रथम' संस्थेच्या शिक्षणविषयक पाहणीने २०२३मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना गाठलं, तेव्हा ज्यांना स्मार्टफोन आणता आला त्यांना त्यावर कामंच करायला सांगितली. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ त्यांतल्या ८० टक्के मुलांनी शोधला. ठरावीक वेळेचा गजर सुमारे दोन तृतीयांश मुलांना लावता आला. गुगल मॅपवर एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल, हे सांगू शकणारी मुलं एक तृतीयांशाहून थोडीच जास्त. या सगळ्यांना आपण सरसकट 'मोबाइल येतो' म्हणतो! त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडेच. कौशल्य सरावानं येतं, हात बसावा लागतो. फोनच हाती नसेल तर तो बसणार कसा? अनेक शाळांत संगणकाच्या तासाला सीपीयूची व्याख्या पाठ होते, पण मुलीच्या हाती माउस येईपर्यंत घंटा होते. अशा मुलीच्या नावापुढे 'साक्षर' लिहिणं मला पटत नाही.

आणखी एक शब्द सुचवतो : पारख. आलेला निरोप खरा की बनावट, माहिती कुणी आणि कशासाठी दिली, हे ओळखणं साक्षरतेत बसत नाही, आणि बोटांच्या सफाईतही नाही. आठवीच्या मुलांना संगणक आणि माहिती कितपत वापरता येते हे पाहणाऱ्या २०१८च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, आयसीआयएलएसमध्ये, माहितीची अशी पारख लागणाऱ्या सर्वांत वरच्या पातळीवर सरासरी २ टक्केच मुलं पोचली होती.

तेव्हा रकान्याला 'डिजिटल कौशल्ये' असं अनेकवचनी नाव द्या, खाली एकेक काम लिहा, आणि 'पारख' वेगळी नोंदवा. 'साक्षरता' फक्त पहिल्या ओळखीसाठी राखून ठेवा.