बाजेचे चार कोपरे

मावशी, प्रभूच्या नावाने सलाम. मी नगर जिल्ह्यातली, वय 46. मागच्या नाताळाच्या तोंडावर माझ्या नवऱ्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. पूर्वी ते चर्चमध्ये गाण्याला पेटी वाजवायचे. आता पहाटे साडेचारला उठून त्यांचं सगळं आवरते, भाकरी थापते, सासूबाईंचं ताट झाकून ठेवते आणि आठला बालवाडीत कामावर जाते. मुलगी बारावीला आहे. मुलगा पुण्यात कंपनीत, दोन महिन्यांनी एखादी चक्कर मारतो. चर्चला जाणं सुटलं. रात्री प्रार्थनेला डोळे मिटले की एक तर झोप लागते, नाहीतर देवाचा राग येतो. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, घरात काही पाप असेल, कबूल करा. एक प्रचारक येऊन सांगून गेले, विश्वास असेल तर गोळ्या बंद करा. कधी कधी वाटतं, सकाळी जाग येऊच नये. माझा विश्वास संपला का?

लेकी, सलाम.

तुझ्या प्रश्नाआधी तुझं त्याच्या अलीकडचं वाक्य धरते, कारण ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. सकाळी जाग येऊ नये असं वाटणं, ही एकटीने सोसायची गोष्ट नाही. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, नंबर 14416. दिवसा-रात्री केव्हाही फोन लाव, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आजच लाव. आणि तुझ्या नवऱ्याच्या तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना तुझंही सांग. झटक्यानंतर रुग्णाचं मन खचतं तसं त्याचं करणाऱ्या माणसाचंही खचतं, त्यावर औषध आहे. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितलं तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. तुलाही आधी झोप हवी आहे. ती कशी मिळेल ते पुढे सांगते.

गोळ्यांचं एका दमात सांगून टाकते. एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोडल्या तर दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो पहिल्यापेक्षा भारी पडू शकतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौलाने प्रिय वैद्य म्हटलं आहे. पुन्हा कुणी असं सांगायला आलं तर त्यांना पाळकसाहेबांकडे पाठव. तू वाद घालत बसू नकोस, तुझ्यात तेवढी ताकद आत्ता नाही.

पापाबद्दल मात्र मला राग आला आहे आणि मी तो लपवणार नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? प्रभूने सांगितलं, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठव. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा गेला. दौंडकडच्या केडगावात (आपल्या नगरजवळच्या नव्हे) मुक्ती मिशन उभं करून शेकडो मुलींना आसरा दिल्यावर, 1921 साली एकुलती एक मनोरमाही गेली. त्या वेळी बाईंना नीट ऐकू येत नव्हतं, तब्येत ढासळली होती, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी टाकलं नाही. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 ला, त्या गेल्या. घरावर आलेल्या दुःखाने जर घरातलं पाप मोजायचं असेल, तर रमाबाईंच्या घराबद्दल काय म्हणायचं? मंडळीतल्या त्या बाईंना हे तू सांगू नकोस. पण त्यांचं बोलणं मनातून काढून टाक.

आता तुझा प्रश्न.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती, म्हणजे अंग लुळं पडलेला माणूस, तुला पाठ असेल, संडे स्कूलपासून ऐकतोय आपण. कफर्णहूम गावातलं ते घर, आत येशू, दारात मुंगी शिरायला जागा नाही, मग चौघांनी छप्पर उकरून त्याची बाज खाली सोडली. मी ही गोष्ट कितीतरी वर्षं फक्त बरं होण्याची गोष्ट म्हणून वाचली. माझे यजमान गेले त्या वर्षी कधीतरी त्यातला एक शब्द मला पहिल्यांदा दिसला. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल त्या ओळीत काहीच नाही. तो बिचारा वर चढवताना घाबरला असेल, चिडला असेल, कदाचित म्हणाला असेल की मला घरी न्या. प्रभूने त्याला काही विचारलं नाही. वर छपरावर चार घामेजलेली माणसं दोर धरून उभी होती, त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

त्या वर्षी माझ्या तोंडून गाणं निघत नव्हतं. शेवटच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचे, ओळी डोळ्यांसमोरून जायच्या. शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसायच्या, दात पडलेले, सूर कुठल्या कुठे. त्या मोठ्याने म्हणायच्या आणि मधूनच माझ्या गुडघ्यावर हात ठेवायच्या. त्यांना माझी हकिगत धड ठाऊकही नव्हती. मी आठ महिने त्यांच्या आवाजावर चर्चमध्ये टिकले. माझा विश्वास तेव्हा संपला होता का? मला वाटतं, तो त्या म्हातारीकडे ठेवायला दिला होता.

म्हणून तुला सांगते, बाळ, तू आज बाज उचलणाऱ्यांतली नाहीस. नवऱ्याबरोबर तूही त्या बाजेवर आहेस. गेले कित्येक महिने चारही कोपरे तू एकटी धरायला बघते आहेस, ते होणारच नाही. रागाचं म्हणशील तर 88 वं स्तोत्र काढून वाच. त्यात शेवटपर्यंत कुठे उजाडत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून म्हटलेलं आहे. तुलाही रात्री राग येतो तो त्याचाच येतो, दुसऱ्या कुणाचा नाही.

प्रार्थना लांब करू नकोस. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपल्या मराठीत किती नेमका शब्द आहे बघ, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. तू रोज पहाटे भाकरी थापतेस. उद्याची आज थापून ठेवली तर कडक होते, हे तुला मी सांगायला नको. नवरा कधी उठेल, मुलीच्या पुढच्या शिक्षणाचं काय, सासूबाईंचं काय, हे सगळं एका रात्रीत मागायला बसलीस म्हणून शब्द आटले. पीठ मळताना तेवढी एक ओळ म्हण. ज्या दिवशी तीही म्हणवणार नाही त्या दिवशी नुसती भाकर थाप.

आणि आता माणसं गोळा करू. तू कुणाला काही मागितलेलं दिसत नाही. आपल्या बायकांना मागायची लाज वाटते, पण 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांनाही काय करावं ते कळत नसतं. त्यांना नेमकं काम दे. मुलाला फोन करून नुसतं येत जा म्हणू नकोस, सांग की महिन्यातल्या ह्या दोन रविवारी तुझ्या वडिलांची अंघोळ-पाणी तुझ्याकडे. तो येईल त्या रविवारी तू चर्चला जा, शेवटच्या बाकावर बसलीस तरी चालेल. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात खेटे घालावे लागतात, ते मंडळीतल्या एखाद्या निवृत्त मास्तरांवर सोपव, अशी माणसं कागदपत्रांत तरबेज असतात. महिला मंडळाला म्हण, शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी गाण्याची भक्ती ठेवा, पण चहापाणी तुमचं तुम्ही आणा.

ही शनिवारची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. झटक्याने ज्यांचं बोलणं जातं, त्यांच्यातल्या काहींना साधं वाक्य जमत नाही, पण पाठ असलेलं गाणं चालीवर म्हणता येतं. डॉक्टर आणि वाचा-उपचार करणारे लोकही सुरांचा असा उपयोग करून घेतात. तुझ्या नवऱ्याची तर सगळी हयात पेटीवर गेली. त्यांच्या ओठावर एखादी ओळ येईल किंवा येणार नाही, मी तुला खोटी आशा लावणार नाही. पण फिजिओथेरपीच्या व्यायामाला त्यांचं मन लागत नसेल तर इथे कदाचित लागेल.

गाणी चालू झाली की तू आतल्या खोलीत जा आणि दार लोटून झोप. कुणी काही म्हणणार नाही, म्हटलं तर माझं नाव सांग.

पेटी घरात असेल तर त्याआधी तिच्यावरची धूळ पुसून ठेव. भाता डाव्या हाताने मारायचा असतो, आणि त्यांचा डावा हात चांगला आहे. पट्ट्यांवर दुसऱ्या कुणालातरी बसव.

तुझी मावशी