कुत्र्याला करोना ‘झाला’ की ‘आढळला’?

कोथरूडमधल्या एका वाचकांचा प्रश्न: “तीन महिन्यांच्या पिल्लाला जुलाब लागले म्हणून दवाखान्यात पट्टीवर विष्ठा तपासली. ‘सीसीव्ही पॉझिटिव्ह’ आलं. घरात कुणी लागण म्हणतं, कुणी बाधा, कुणी संसर्ग, कुणी संक्रमण. बरोबर काय?”

‘सीसीव्ही’ म्हणजे कनाइन करोनाव्हायरस, कुत्र्यांच्या आतड्याचा करोना विषाणू. पट्टीवर दुसरी रेघ उमटली, एवढ्यावरून ठामपणे म्हणता येतं ते इतकंच: ‘विष्ठेत आतड्याचा करोना विषाणू आढळला.’ यातले ‘आतड्याचा’ आणि ‘आढळला’ हे दोन्ही शब्द गाळू नका.

‘आतड्याचा’ अशासाठी, की कुत्र्यांचे करोना विषाणू एकाहून जास्त आहेत. जुलाबवाला १९७१ साली जर्मनीत लष्करी कुत्र्यांत सापडला. तो अल्फा गटातला. खोकल्याशी संबंधित दुसरा २००३ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला. तो बीटा गटातला, आणि त्यासाठी नाकाघशातला स्वॅब लागतो. कोविडचा विषाणूही बीटा गटातलाच, पण वेगळा. नुसतं ‘करोना झाला’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोविड उभा राहतो, आणि शेजारी पिल्लाला हात लावायला कचरतात.

आता ‘लागण’. हा फार चांगला शब्द आहे. पुणे जिल्ह्यात उसाचीही लागणच होते. बेणं मातीत गेलं की लागण झाली, पीक कसं येईल ते पुढचं पुढे. विषाणूचंही तसंच: तो आतड्यात रुजला, वाढू लागला, ही लागण. जुलाब होतीलच असं नाही. म्हणून पट्टीवर रेघ आणि पिल्लू खेळतंय, तर ‘लागण’ म्हणावं. ‘संसर्ग’ही त्याच अर्थी चालतो, पण त्यात संपर्काचा भाव जास्त.

‘बाधा’ मात्र त्रास झाल्याशिवाय म्हणू नये. विषबाधा, भूतबाधा, प्रकल्पबाधित: सगळीकडे कुणाचं तरी काही बिघडलेलं असतं. तुमच्या पिल्लाला जुलाब आहेत, तेव्हा ‘करोनाची बाधा’ म्हणायला जागा आहे. पण ते जुलाब दुसऱ्या कशाने होत नाहीत ना, हे डॉक्टरांनी पाहिल्यावर. जंत, जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी, आणि सर्वांत आधी पार्व्हो हा पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू. करोना विषाणू आतड्याच्या आतल्या झालरीचे शेंडे खातो; शेंडे खालून पुन्हा फुटतात, म्हणून आजार बहुधा सौम्य. पार्व्हो मुळांवरच घाव घालतो. दोन्ही एकदम आले तर पिल्लू झपाट्याने खचतं. पट्टी नुसती करोनाची असेल तर पार्व्होचीही करून घ्या.

‘संक्रमण’ हिंदी बातम्यांतून आलं. मराठीत सूर्याचं मकरसंक्रमण होतं. पिल्लाच्या पोटासाठी तो शब्द नको.

चाचणीच्या भाषेतही घोळ होतो. पट्टीची चाचणी अशी: विष्ठेत फिरवलेला स्वॅब कुपीतल्या द्रावणात घुसळायचा, तीन-चार थेंब खाचेत सोडायचे आणि किटवर छापलेल्या वेळेत, बहुधा दहा मिनिटांत, वाचायचं. वेळ उलटून गेल्यावर उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. ‘सी’ची, म्हणजे चाचणी नीट चालली हे दाखवणारी रेघच नसेल तर चाचणी ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘फुकट गेली’. पट्टीला विषाणू भरपूर लागतो. थोडा असेल तर तो पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला, सापडतो, पट्टीला नाही. उलट पीसीआर इतकी बारीक, की बरं झालेल्या कुत्र्याच्या विष्ठेतलाही विषाणू ती पकडते. विष्ठेतून तो साधारण सहा ते नऊ दिवस पडतो, काहींच्या कित्येक आठवडे. आणि नमुना उन्हात तापलेल्या गाडीत राहिला तर विषाणूचा आरएनए (तोच जनुकीय अंश) तुटतो. मग अहवालात ‘नॉट डिटेक्टेड’ येतं. त्याचं मराठी ‘आढळला नाही’ असंच करावं, ‘नाही’ असं नव्हे. नमुना ताजा, स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत, बर्फाच्या पिशवीसोबत पाठवावा.

रक्तातली प्रतिपिंडं सापडली तर ‘कधीतरी गाठ पडली होती’ इतकाच अर्थ. लहान पिल्लात ती आईकडूनही आलेली असतात.

‘निदान’ हा शब्द या सगळ्यासाठी वापरू नका. पट्टी करते ती चाचणी. लक्षणं, वय, लसी आणि चाचणी एकत्र पाहून डॉक्टर करतात ते निदान. पिल्लाच्या लसीच्या पुस्तकात तारखेसह असं लिहून ठेवा: ‘जुलाब, दुसरा दिवस. पट्टीवर आतड्याचा करोना विषाणू आढळला.’ पार्व्होची पट्टी केली की तिचा निकालही त्याखालीच.