इम्प्लांटवरची खालची कवळी: पाया कशाचा असावा?

प्रश्न: खालच्या जबड्यातील दोन इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळांवर) बसणारी, काढता-घालता येणारी कवळी करायची आहे. पाया, म्हणजे हिरडीवर टेकणारा भाग, साध्या ॲक्रिलिकचा (कडक प्लॅस्टिकचा) चालेल का?

उत्तर: इम्प्लांटच्या जोडणीचे भाग सामावून घेताना कवळीचा पाया नेमका तिथेच पातळ होतो आणि चावण्याचा ताणही तिथेच एकवटतो, म्हणून नुसत्या ॲक्रिलिकला बहुधा त्याच जागी तडा जातो. आत कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा सांगाडा घातल्यास ही भीती बरीच कमी होते. कवळीत पुरेशी जागा असेल, तर माझा कौल त्यालाच आहे. तयार ठोकळ्यातून संगणकाच्या साहाय्याने कोरलेले ॲक्रिलिकही चांगले, कारण त्यात न जुळलेला मोनोमर (ज्यापासून ॲक्रिलिक बनते तो मूळ रासायनिक घटक) कमी उरतो. थ्रीडी प्रिंटिंगचा पाया सहसा त्याहून कमी मजबूत ठरतो. लवचीक नायलॉन मात्र टाळावे, कारण हाड झिजल्यावर आतून नवा थर देणे त्यावर अवघड जाते.