चित्राला हात चालतो, मग चपातीला का नाही?

“दाराची कडी वाजली की मी चित्र गादीखाली सरकवते. रंग ओला असला तरी.”

पहिल्या भेटीतलं ताईंचं हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. ताई साताऱ्याच्या, वय ४७. चार वर्षांपूर्वी त्यांना आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. घरात नवरा, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. ताईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे, कारण त्यांना जे टोचत होतं ते माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी जणांना टोचतं. डायलिसिसवर असलेले एक काका म्हणायचे, “पेटी काढून बसलो की घरातले म्हणतात, आज बरं दिसतंय! मग त्या दिवशी दमलो असं म्हणायची चोरी.” ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, असलेल्या एका मुलीने लग्नाकार्यात फोटो काढून घेणंच बंद केलं होतं. फोटोत हसू दिसलं की मैत्रिणी म्हणायच्या, तू तर ठणठणीत आहेस.

ताईंचा प्रश्न सासूबाईंकडून आला होता: “चित्र काढायला हात चालतो, मग चपात्या लाटायला का चालत नाही?” मला वाटलं, त्या आता सासूबाईंबद्दल तक्रार करणार. पण त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, त्यांचं सोडा. मलाही कळत नाही. खरंच का चालत नाही हो? मी नाटक तर करत नाही ना?”

स्वतःच्या दुखण्यावरच शंका यायला लागणं, हा या आजाराचा फार क्रूर भाग आहे. सांध्यांची सूज दिसते, रक्ताचे रिपोर्ट दिसतात, पण ही शंका कुठल्याच तपासणीत येत नाही.

आजारापूर्वी ताई रांगोळीसाठी आळीत प्रसिद्ध होत्या. गौरी आल्या की चार घरची बोलावणी. एकवीस ओळींची ठिपक्यांची रांगोळी कागद न वापरता काढायच्या. आमवाताने ती पहिली नेली. उकिडवं बसणं गेलं आणि चिमूट गेली. अंगठा आणि तर्जनी यांच्यात रांगोळी धरून सोडत राहणं वरवर हलकं काम वाटतं, पण बोटांच्या सुजलेल्या लहान सांध्यांना ते फार जड पडतं. दोन दिवाळ्या त्यांनी छापे वापरले, तिसऱ्या वर्षी रांगोळीचा डबाच माळ्यावर गेला. मग एका दुपारी घरात पडून असलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी इअरबड रंगात बुडवून एक ठिपका दिला. मग दुसरा. टेबलाशी बसून, कोपर टेकवून. “पत्रिका कधी भरली कळलंच नाही,” हे सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

ते ठिपके कासच्या पठारावरच्या फुलांचे होते. लग्न झाल्यापासून दर भाद्रपदात त्या नवऱ्याबरोबर कासला जायच्या. आता तिथे चालणं होत नाही. तर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, गेंदाचा पांढरा, तेरड्याचा गुलाबी, मिकी माऊसचा पिवळा असे रंग त्या आठवणीतून ठिपक्यांनी भरायच्या. मी ती पत्रिका हातात धरली तेव्हा एका कोपऱ्यात रंग फासलेला होता. गादीखालचा.

इथे माझ्याकडून एक घाई झाली. मी त्यांना रेन्वारची गोष्ट सांगितली. हा फ्रेंच चित्रकार १८९२च्या सुमारास याच आजाराने धरला गेला. १९०७मध्ये तो दक्षिणेला, कान्य नावाच्या गावी उबदार हवेसाठी राहायला गेला. बोटं तळव्यात वळली होती, नखं रुतू नयेत म्हणून हाताला कापड गुंडाळलेलं असायचं, कुणीतरी ब्रश हातात अडकवून द्यायचं, आणि १९१९मध्ये जाईपर्यंत तो रंगवत राहिला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांच्या घरी चपात्या कोण करायचं?”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, किंवा होतं ते ताईंच्याच बाजूचं होतं. त्याच्या घरी स्वयंपाकाला, सांभाळायला माणसं होती. ‘आजारावर मात करून’ मोठं झालेल्या कलावंतांच्या गोष्टी आपण सहज सांगतो, आणि ऐकणाऱ्या बाईच्या ओट्यावर भांडी पडलेली असतात हे विसरतो. ती गोष्ट मी तेव्हापासून फार जपून वापरते.

मग आम्ही प्रश्न जसा होता तसाच हातात घेतला. का चालत नाही? मी त्यांना पंधरा दिवस एक वही ठेवायला सांगितली. किती वाजता काय केलं, तेव्हा हात किती दुखत होते, शून्य ते दहामधला आकडा. बाकी काही लिहायचं नाही.

वही घेऊन आल्या तेव्हा उत्तर त्यांच्याच अक्षरात होतं. सकाळी सहा ते आठ, रोज सात किंवा आठ. दुपारी चार ते साडेपाच, दोन किंवा तीन. आमवाताचं हे ओळखीचं लक्षण आहे. शरीरात दाह वाढवणारी रसायनं पहाटे जोरावर असतात, त्यामुळे उठल्यावर हात तासभर, कधी त्याहून जास्त, आखडलेले राहतात आणि मग हळूहळू मोकळे होतात. डब्याच्या चपात्या मात्र साडेसहालाच हव्यात. म्हणजे घराला त्यांच्या हातांची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी ते हात त्यांचे नसतात. शिवाय कणीक मळताना मनगट मागे वाकवून अंगाचा भार त्यावर येतो, लाटताना पकड आवळावी लागते, आणि भाकरी थापताना तर तळव्यावर दणका बसतो. इअरबड टेकवायला जोर लागतच नाही. दोन्ही कामं ‘हाताची’ आहेत, एवढंच त्यांच्यात सारखं.

वहीत आणखी एक गोष्ट निघाली. रविवार सगळे वाईट. मेथोट्रेक्सेटची गोळी त्या शनिवारी रात्री घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी मळमळ आणि गळून गेल्यासारखं होणं या गोळीने अनेकांना होतं, आणि रविवारी तर सगळे घरी, साग्रसंगीत जेवणाची अपेक्षा. मी त्यांना ही वही डॉक्टरांना दाखवायला लावली. त्यांनी गोळीचा वार बदलून दिला. (हे मनाने करायचं नाही. ही गोळी आमवातासाठी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. वाराशी खेळ करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.)

डॉक्टरांच्याच शिफारशीने ताई ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं सोपी करून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेल्या. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम कापून ब्रशच्या दांडीवर बसवून मिळाला. मूठ जाड झाली की पकड आवळावी लागत नाही. तोच फोम मग झाऱ्याला, कंगव्याला आणि दाराच्या किल्लीलाही लागला. चहाचा कप गेला, रुंद कानाचा मग आला, दोन्ही हातांनी धरायचा. “ऊब लागते ना तळव्यांना, चहा संपला तरी मी धरून बसते,” ताई म्हणाल्या. रोजच्या जगण्यातला आनंद म्हणतात तो बऱ्याचदा एवढासाच असतो. आजारी माणसाला तो मिळवायला पाइपचा फोम लागतो, हेही खरं.

पण गादीखालचं चित्र अजून गादीखालीच होतं.

मी सासूबाईंना भेटायचं ठरवलं. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. त्या खालीच बाकावर बसून राहिल्या, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही म्हणून. मीच खाली गेले. बोलता बोलता कळलं की रोज संध्याकाळी त्या देवळात चालत जातात, अर्धा तास सहज. मी विचारलं, “आजी, देवळापर्यंत चालवतं, मग एवढा जिना का नाही?”

“चढ आन् सपाटी एकच असती व्हय?” त्या तडकून म्हणाल्या.

मी काहीच बोलले नाही. ताईही नाहीत. आजींनी एकदा सुनेच्या हातांकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “मग हे असं कुणी सांगितलं का आमाला?”

त्यांना खलनायिका ठरवून हा अनुभव सांगणं सोपं झालं असतं, पण ते खोटं ठरेल. मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय आवडायचं? वाकळ शिवायला, त्या म्हणाल्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे, रंगाला रंग लावून. पण कधी? “समदं आवरल्यावर.” रात्री सगळे झोपल्यावर, दिव्याच्या उजेडात. पन्नास वर्षं त्या बाईने स्वतःच्या आवडीला ‘आवरल्यावर’ एवढीच जागा दिली, आणि सुनेने दुपारी चार वाजता, भांडी पडलेली असताना रंग काढले ते त्यांना खुपलं. दुखणं खोटं वाटलं म्हणून नव्हे. नियम मोडला म्हणून.

मला या लेखात सांगायचं आहे ते हेच. ‘आवरल्यावर’ हा नियम धडधाकट माणसालाही जाचतोच, पण दीर्घ आजारात तो पाळता येतच नाही, कारण आवरणं कधी होतच नाही. हातात दिवसाचे दीडच तास असतील आणि ते आधी कामाला द्यायचे असतील, तर आवडीच्या वाट्याला शून्य येतं. आज, उद्या आणि दहा वर्षांनीही. मग माणूस औषधं आणि कामं एवढ्यावर जगत राहतो. ताईंशी मी एवढंच ठरवलं की चार ते पावणेपाच हा वेळ रंगांचा. आधी ठरलेला, कामाच्या बदल्यात मिळवलेला नव्हे. भांडी असोत, नसोत. पावणेपाचला गजर लावायचा आणि चित्र अर्धवट असलं तरी उठायचं. आनंदाच्या भरात हात जास्त वापरला की दुसऱ्या दिवशी तो वसूल होतो. गजराचा नियम त्यांना सर्वांत जड गेला.

घरात मुलगा रात्री कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवू लागला. सकाळच्या चपात्यांना मावशी लावल्या. नवऱ्याला आधी ते पटत नव्हतं, “लोक काय म्हणतील” आलंच. त्याला मी वहीची पानं वाचायला दिली.

सगळं सरळ गेलं नाही. चित्रं गादीखालून भिंतीवर आल्यावर नात्यातल्या एकीने सुचवलं, पणत्या रंगव, विकल्या जातील. ताईंनी दिवाळीसाठी ४० पणत्यांची ऑर्डर घेतली. तारीख आली, पैसे आले, गजर बंद झाला, आणि वसुबारसेला दोन्ही मनगटं सुजून बसली. पैशांची गरज असेल तर गोष्ट वेगळी, पण प्रत्येक छंदाचा धंदा करायला लावायची आपल्याकडे जी घाई असते तिचा मला मनापासून राग येतो. चित्रांच्या कामात तारीख नव्हती, म्हणूनच तर तो हात मोकळा होता.

पुढच्या जुलैत आजार पुन्हा उसळला. सीआरपी, म्हणजे रक्तातला दाह दाखवणारा आकडा, वाढला, डॉक्टरांनी औषध बदललं, पण ते लागू पडायला आठवडे जातात. तेवढे दिवस इअरबडसुद्धा धरवेना. ताई फोनवर म्हणाल्या, “आता हेही गेलं.” त्या आवाजाने मी सावध झाले. झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारलं. दीर्घ दुखण्यात नैराश्य वरचेवर येतं आणि त्याला चित्रकला हा उपाय नाही, उपचार लागतात. असे विचार कुणाच्या मनात येत असतील तर जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ताईंचं तिथवर गेलेलं नव्हतं. पण ज्यात आपण आहोत असं वाटायचं तीच गोष्ट निसटल्याचं दुःख होतं, आणि ते मी पुसायला गेले नाही.

मी फक्त विचारलं, चार वाजता काय करता सध्या? खिडकीशी बसते, म्हणाल्या. अजिंक्यतारा दिसतो, पावसात हिरवा होतो. “रोज निराळा हिरवा असतो, तुम्हाला माहितीये?” मला माहीत नव्हतं. मग रोज चारला त्या मला एका ओळीचा व्हॉइस मेसेज पाठवू लागल्या, आजचा हिरवा कसा आहे तो. शेवाळी. पोपटी. ढगात गेला, नाहीच. ओल्या बाटलीसारखा. अडीच महिने. हात परत आला तेव्हा एका पत्रिकेवर नुसते हिरवे ठिपके पडले, नऊ तऱ्हेचे.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. सकाळी चपातीवाल्या मावशी आल्या नव्हत्या, दुपारपर्यंत नुसता गोंधळ. चार वाजता ताई उठून ओट्याकडे निघाल्या तर सासूबाई आधीच तिथे, कुकर काढत होत्या. त्यांच्या खुर्चीवर वाकळेचे तुकडे पसरलेले, सुई खोचलेली, दिवसाउजेडी.

“म्हणाल्या, भात टाकते मी,” ताईंनी सांगितलं. “तू जा, तुझा तो पिवळा वाळंल.”