बडोद्यात मांडवीतून हिरव्या मण्यांची माळ घेतली, दुकानदार अ‍ॅमेझोनाइट म्हणतो. मण्यांत पांढऱ्या रेघा आहेत, मग माल नकली का?

उलट आहे. रेघा असतील तर माझा विश्वास वाढतो.

अ‍ॅमेझोनाइट म्हणजे मायक्रोक्लीन, फेल्स्पार कुळातलं पोटॅशियमवालं खनिज. ग्रॅनाइटचा शिलारस थिजत आला की शेवटी पाण्याने समृद्ध असा थोडा रस उरतो. त्यातून पेग्मटाइट खडक बनतो आणि त्यात हे मोठाले स्फटिक वाढतात. सावकाश थंड होताना आतलं सोडियमवालं फेल्स्पार वेगळं पडतं, त्याच या पांढऱ्या रेघा. रंगाचं श्रेय पूर्वी तांब्याला द्यायचे. 1985 मध्ये हॉफमाइस्टर आणि रॉसमन या खनिज अभ्यासकांनी दाखवलं की तो स्फटिकातल्या किंचित शिशाचा आणि पाण्याचा प्रताप आहे.

आता माळ हातात घ्या. दहापट भिंगातून मण्याच्या भोकाची कड बघा. भोक पाडताना तिथे बहुधा बारीक टवका उडालेला असतो. फेल्स्पार जवळजवळ काटकोनातल्या दोन दिशांनी सपाट फुटतो, म्हणून टवका पायरीसारखा दिसतो आणि मणी फिरवला की ती पायरी एकदम चमकते. काच किंवा रंगवलेला अकीक (अ‍ॅगेट) शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा खोलगट फुटतो. रंगवलेल्या मालात भेगांमध्ये रंग गडद साचलेलाही सापडतो. नुसत्या हिरव्या छटेवर मात्र जाऊ नका, खंभातच्या अकिकाच्या शेजारात राहून तर नाहीच!

कोणी जेड म्हणून गळ्यात मारत असेल तर सुटा मणी आधी कोरडा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. 10 ग्रॅमचा अ‍ॅमेझोनाइट पाण्यात साधारण 3.9 ग्रॅमने हलका भरतो, जेड 3 ते 3.4 ग्रॅमने. अकीक या परीक्षेत पकडता येत नाही, त्याची घनता फार जवळची आहे. पिरोजाची शंका असेल तर रिफ्रॅक्टोमीटर हवा, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो (अपवर्तनांक) ते मोजणारं उपकरण: अ‍ॅमेझोनाइट 1.52 ते 1.53, पिरोजा 1.61च्या आसपास.

बुधासाठी चालतो का, हे गुरुजींना विचारा, तो माझा प्रांत नाही. पण अंगठीत बसवणार असाल तर सोनाराला बजावून सांगा, खडा बसवल्यावर ज्योत लावायची नाही. जास्त तापला की हिरवा रंग उडतो.